रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा व आमची तयारी

राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेंत रसायनशास्त्रास १०० गुण असतात. त्यांपैकीं ७० लेखी परीक्षेचे व ३० प्रात्यक्षिकाचे. लेखी परीक्षेची तयारी एकट्यानें दिव्याखालीं बसून करतां येते. प्रात्यक्षिकाची तयारी मात्र हात, डोळा व मन या तिघांची असते. आपला डोळा कोठें चुकतो हें आपणांस दिसत नाहीं. शेजारच्यास तें चटकन् दिसतें. म्हणून आम्हीं पांच मित्रांनीं ही तयारी एकत्र करण्याचें ठरविलें व शिक्षकांच्या परवानगीनें तीन सुट्यांच्या दिवशीं सकाळीं शाळेच्या प्रयोगशाळेंत जमलों. तेथें जें शिकलों तें आमच्या मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडावें, व मुलें सुटीच्या दिवशींही शाळेंत कां जातात असें विचारणाऱ्या पालकांस त्याचें उत्तर मिळावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

परीक्षेंतील एक महत्त्वाचा प्रयोग म्हणजे अनुमापन. पोटॅशियम परमँगनेटचें जांभळें द्रावण ब्यूरेटमध्यें भरावयाचें. मोहर सॉल्टच्या फिकट हिरव्या स्फटिकांचें, तीव्रता ठाऊक असलेलें द्रावण पिपेटनें १० मिलिलिटर मोजून शंकुपात्रांत घ्यावयाचें. त्यांत विरल सल्फ्यूरिक आम्ल घालून वरून परमँगनेट थेंबाथेंबानें सोडावयाचें. मोहर सॉल्टमधील लोह प्रत्येक थेंबाचा रंग नाहींसा करितें. असें लोह संपलें कीं पुढील थेंबाचा फिकट गुलाबी रंग टिकून राहतो, तेथें थांबावयाचें. परमँगनेटचा एक मोल लोहाच्या पांच मोलांस पुरा पडतो, या हिशेबानें परमँगनेटची अज्ञात तीव्रता काढतां येते. लोह मोजण्याची ही रीत मार्गरीत या फ्रेंच रसायनज्ञानें १८४६ सालीं दाखविली. आणि ज्याच्या नांवानें हे हिरवे स्फटिक ओळखले जातात त्या मोहर या जर्मन रसायनज्ञानें १८५५ सालीं अनुमापनाच्या रीतींवर ग्रंथ लिहिला. जालन्यांत मोडीचें लोखंड वितळवून सळया बनविणारे कारखाने आहेत. येथील मुलांस तरी लोहाचा हा प्रयोग परका वाटूं नये.

पहिल्या दिवशीं आम्ही केवळ धुण्यास शिकलों. सन २०१२-१३च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यानें टँकरची वाट पाहिली आहे. पाणी उधळणें आम्हांस शोभत नाहीं. समजा, ब्यूरेटच्या भिंतींस १ मिलिलिटर जुनें द्रावण चिकटून राहतें. एकदम १५ मिलिलिटर पाण्यानें तें धुतलें, तर त्याची तीव्रता सोळाव्या हिश्शावर येते. तेंच पाणी पांच-पांच मिलिलिटर करून तीन वेळां वापरलें, तर ती दोनशें सोळाव्या हिश्शावर येते. पाणी तितकेंच, पण काम कितीतरी पटींनीं अधिक! मात्र शेवटीं ब्यूरेट परमँगनेटनेंच विसळावें, नाहींतर उरलेल्या पाण्यानें तें पातळ होतें. शंकुपात्र मात्र केवळ शुद्ध पाण्यानेंच विसळावें.

दुसऱ्या दिवशीं डोळ्यांस शिस्त लाविली. परमँगनेटचा रंग इतका गडद असतो कीं द्रावपृष्ठाची खालची वक्ररेषा दिसत नाहीं. म्हणून वरची कड वाचावी, व ती वाचतांना डोळा तिच्याच पातळींत ठेवावा. एकानें वाचावें, दुसऱ्यानें लिहावें, व सर्वांचीं वाचनें पुरीं होईपर्यंत कोणीं आपला आंकडा उघड करूं नये, असा नियम आम्हीं केला. त्या नियमाची खरी किंमत तिसऱ्या दिवशीं कळली.

त्या दिवशीं आम्हां चौघांचें वाचन ९.६ मिलिलिटर आलें. पांचव्याचें तीनही वेळां १०.२ आलें. आम्ही प्रथम हंसलों, मग त्याला म्हणालों, "अरे, चौघांचें एक आलें आहे, तूंही ९.६ लिहून टाक. उगाच वेळ कां घालवितोस?" असें म्हणतांना आम्हांस त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. तो स्वभावानें भिडस्त. क्षणभर त्याची लेखणी थांबली. मग तो म्हणाला, "मला दिसलें १०.२, मग ९.६ कसें लिहूं?" त्यानें आमच्या डोळ्यांदेखत प्रयोग पुन्हां केला. पुन्हां १०.२!

आतां मात्र आमचें हंसूं मावळलें. कोठें काय निराळें झालें याचा आम्ही शोध करूं लागलों. आम्हीं चौघांनीं मोहर सॉल्टचें द्रावण आदल्या दिवशीं भरून ठेवलेल्या एकाच बाटलींतून घेतलें होतें. त्याच्या वांट्यास तें उरलें नव्हतें, म्हणून त्यानें त्याच सकाळीं ३.९२ ग्रॅम स्फटिक तोलून १०० मिलिलिटर ताजें द्रावण केलें होतें. आमची बाटली उजेडांत धरतांच तळाशीं उरलेल्या द्रावणांत पिवळट झांक दिसली. स्फटिक विरघळवितांना त्यांत आम्ल घालावयाचें आम्ही विसरलों होतों. त्यामुळें रात्रभरांत हवेंतील ऑक्सिजननें कांहीं लोहाचें रूप पालटलें होतें, व त्या लोहास परमँगनेटचा रंग घालविण्याची शक्ति उरली नव्हती. म्हणून परमँगनेट कमी लागलें. हिशेबानें आम्हीं त्याची तीव्रता ०.०२०८ मोलर काढली असती, खरी ०.०१९६ होती. चौघांचें मत जुळलें तें चौघांची चूक एकाच बाटलींतून आली म्हणून! आम्ल घालून नवें द्रावण केलें, तेव्हां आमचेंही वाचन १०.२ वर आलें.

मित्राचा आंकडा पाहून आपला बदलणें ही आमच्या वयाच्या मुलांस फार सोपी गोष्ट आहे, व परीक्षेंत ती बहुधा उघडकीसही येत नाहीं. परंतु उद्यां आमच्यांतीलच कोणी रुग्णाचें रक्त तपासील, कोणी शेतकऱ्याच्या शेतांतील माती तपासील. तेथें शेजाऱ्याचा आंकडा उतरविला, तर त्याचें फळ रुग्णास व शेतकऱ्यास भोगावें लागेल. पालकांनींही घरीं आल्यावर मुलास "उत्तर जुळलें का?" एवढेंच न विचारतां "जें दिसलें तेंच लिहिलेंस ना?" असेंही विचारावें, अशी आमची विनंति आहे.

एकत्र अभ्यास अवश्य करावा. एकमेकांचे हात पाहावे, चुका दाखवाव्या, शंका विचाराव्या. पण वहींतील आंकडा ज्याचा त्यानेंच लिहावा. त्या दिवशीं आमच्या मित्रानें भिडेखातर ९.६ लिहिलें असतें, तर आम्ही पांचहीजण चूक घेऊन परीक्षेस गेलों असतों, व एकमेकांचे आंकडे पाहून निश्चिंतही राहिलों असतों.