संज्ञापनाचें उच्च शिक्षण : पाटी एक, बिऱ्हाडें चार

पदवी-परीक्षेचा निकाल लागला, कीं सुशिक्षित कुटुंबांत पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा या विद्या पालकांच्या परिचयाच्या असतात. त्यांत काय शिकवितात व त्यांवर चरितार्थ कसा चालतो, हें त्यांना ठाऊक असतें. परंतु घरांतील मुलगा किंवा मुलगी जेव्हां 'कम्युनिकेशन स्टडीज', अर्थात् संज्ञापनविद्या, हा विषय घेण्याची इच्छा व्यक्त करते, तेव्हां वडील माणसें गोंधळून जातात. कोणी म्हणतें, ही वृत्तपत्राची विद्या. कोणी म्हणतें, जाहिरातीची. कोणास ती वक्तृत्वाची वाटते. मौज अशी, कीं या सर्वांचें म्हणणें अंशतः खरें आहे. आणि म्हणूनच या विषयाची निवड इतर विषयांपेक्षां अधिक सावधपणें करावी लागते. दोन विद्यापीठांतील अभ्यासक्रमांचें नांव एकच असूनही त्यांत इतकें अंतर असूं शकतें, कीं एका ठिकाणीं आनंदानें रमला असता असा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणीं उमेदीचीं दोन-चार वर्षें कुढत काढतो.

जुन्या वाड्याच्या दारावर मालकाच्या नांवाची एकच पाटी असते. आंत मात्र चार बिऱ्हाडें नांदत असतात, आणि प्रत्येकाची चूल वेगळी असते. संज्ञापनविद्येचें असेंच आहे. हीं बिऱ्हाडें कोणतीं व तीं कशीं आलीं, हें समजल्यावांचून निवडीचा विचार नीट होणार नाहीं.

या विद्येची विद्यापीठीय वाढ मुख्यतः अमेरिकेंत झाली. तेथील एक बिऱ्हाड वक्तृत्वाच्या शिक्षकांचें. १९१४ सालीं सतरा शिक्षक इंग्रजीच्या अध्यापकांच्या परिषदेंतून बाहेर पडले आणि त्यांनीं वक्तृत्वाच्या अध्यापकांची स्वतंत्र संस्था स्थापन केली. तीच संस्था आज 'नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन' या नांवानें ओळखली जाते. या परंपरेचें मूळ ॲरिस्टॉटलच्या वक्तृत्वशास्त्रापर्यंत जातें. भाषण श्रोत्यांचें मन कसें वळवितें, युक्तिवाद कशाच्या आधारावर उभा राहतो, शब्दांची निवड कोणता परिणाम घडविते, याची चिकित्सा येथें होते.

दुसरें बिऱ्हाड वृत्तव्यवसायाचें. मिसूरी विद्यापीठांत १९०८ सालीं वृत्तपत्रविद्येचें विद्यालय निघालें; न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत जोसेफ पुलित्झर यांच्या देणगींतून १९१२ सालीं तसेंच विद्यालय सुरू झालें. आपल्याकडे लाहोरच्या पंजाब विद्यापीठानें १९४१ सालीं हा विषय हातीं घेतला, आणि १९५२ च्या सुमारास नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयांत तो शिकविला जाऊं लागला होता. बातमी मिळविणें, ती पडताळून पाहणें, नेमक्या शब्दांत लिहिणें व संपादणें, हें येथील शिक्षण. सिद्धांतापेक्षां हाताला लागणारें वळण येथें अधिक मोलाचें.

तिसरें बिऱ्हाड समाजशास्त्रज्ञांचें. १९४० सालच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं पॉल लाझार्सफेल्ड व त्यांचे सहकारी यांनीं ओहायो राज्यांतील ईरी परगण्यांतल्या मतदारांच्या अनेक महिने पुनःपुन्हां मुलाखती घेतल्या. वृत्तपत्रें व रेडिओ लोकांचीं मतें पालटतात, अशी सामान्य समजूत होती. प्रत्यक्षांत मत पालटणारे थोडेच निघाले. शिवाय अनेकांवर छापील मजकुरापेक्षां ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा प्रभाव अधिक दिसून आला. १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानें संशोधनाची एक नवी वाट पाडली. विल्बर श्रॅम यांनीं प्रथम आयोवा येथें, नंतर १९४७ पासून इलिनॉय येथें आणि १९५५ पासून स्टॅनफर्ड येथें या विद्येस संशोधनाचें स्थिर घर मिळवून दिलें. प्रश्नावली, प्रयोग आणि संख्याशास्त्र हीं या बिऱ्हाडाचीं हत्यारें.

चौथें बिऱ्हाड इंग्लंडांतून आलें. रिचर्ड हॉगर्ट यांनीं १९६४ सालीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचें केंद्र स्थापन केलें. पुढें स्टुअर्ट हॉल यांनीं त्याचें नेतृत्व केलें. माध्यमांत कोणाचें जग स्वाभाविक म्हणून दाखविलें जातें, कोणाचा आवाज ऐकूंच येत नाहीं, आणि सांगणाऱ्याचा अर्थ ऐकणारा मान्य करतो, त्याच्याशीं घासाघीस करतो कीं तो साफ नाकारतो, असे प्रश्न या परंपरेनें विचारले. तें केंद्र २००२ सालीं बंद झालें. पण त्याचा विचार तोंपर्यंत जगभर पसरला होता.

या चार दृष्टींतील भेद महाराष्ट्रांतील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें तत्कालीन मुंबई राज्यांतील पांच मराठीभाषी जिल्ह्यांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें चालविण्याचा प्रयोग केला. मूळ कल्पना कॅनडांतील. सुमारे दीडशें खेड्यांतील मंडळी ठरल्या वेळीं रेडिओभोंवतीं जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूराथ यांनीं केली. मंडळ असलेलीं गांवें, नुसता रेडिओ असलेलीं गांवें आणि दोन्ही नसलेलीं गांवें यांची त्यांनीं तुलना केली. मंडळांच्या गांवीं लोकांच्या ज्ञानांत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ होता तेथें ती अल्प होती. ऐकण्याला बोलण्याची जोड मिळाली, तेव्हांच माहिती मनांत रुजली.

आतां हीच घटना चार विद्यार्थ्यांपुढें ठेवली, तर काय होईल ? पहिला त्या भाषणांची भाषा तपासील : तज्ज्ञाचें बोलणें शेतकऱ्याला कोणत्या दृष्टांतांमुळें पटलें ? दुसरा म्हणेल, तो कार्यक्रम मला करतां आला पाहिजे. तिसरा न्यूराथ यांच्याप्रमाणें गांवें निवडून मोजमाप करील. चौथा विचारील, त्या मंडळांत स्त्रिया व भूमिहीन मजूर किती होते, आणि 'सुधारणा' म्हणजे काय, हें कोणी ठरविलें ? चारही प्रश्न योग्य आहेत. परंतु ज्याच्या मनांत दुसरा प्रश्न आहे, त्याला तिसऱ्या बिऱ्हाडांत पाठविल्यास तो संख्याशास्त्राच्या तक्त्यांत गुदमरून जाईल; आणि ज्याच्या मनांत चौथा आहे, त्याला केवळ बातमी लिहिण्याचा सराव अपुरा वाटेल. तेव्हां निवडीची पहिली पायरी विद्यापीठाच्या नांवाची नव्हे, तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या प्रश्नाची आहे. 'मला या विषयाची आवड आहे' हें पुरेसें नाहीं. 'मला अमुक गोष्ट कशी घडते हें जाणावयाचें आहे', किंवा 'मला अमुक काम करतां यावयास पाहिजे', असें एक वाक्य त्यानें प्रथम कागदावर लिहावें.

दुसरी पायरी, दाराआड कोणतें बिऱ्हाड आहे हें ओळखण्याची. माहितीपत्रकांतील गोड शब्द यासाठीं निरुपयोगी असतात. तीन गोष्टी मात्र बहुधा खरें बोलतात. पहिली, सक्तीचे विषय. संख्याशास्त्राचे दोन-तीन पाठ अनिवार्य असतील, तर तें घर समाजशास्त्रज्ञांचें. दुसरी, अध्यापकांनीं गेल्या पांच-सहा वर्षांत प्रसिद्ध केलेलें लेखन. थोर नांवाचा एखादा अध्यापक निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवणें धोक्याचें. विद्यार्थ्याच्या प्रश्नाजवळ काम करणारे निदान दोन अध्यापक तेथें असावे. तिसरी, तेथें मान्य झालेल्या प्रबंधांचे विषय आणि ते लिहिणारे विद्यार्थी पुढें कोठें गेले. केवळ घराण्याचें नांव ऐकून स्थळ पक्कें करणारे पालक पुढें पस्तावतात. येथेंही तोच न्याय लागूं आहे. तेथें सध्यां शिकत असलेल्या विद्यार्थ्यांस नम्रपणें पत्र लिहून विचारल्यास, मार्गदर्शक किती दिवसांनीं लेखन तपासून देतात, हें त्यांच्याकडूनच कळतें.

भारतांतील संस्थांनाही हीच कसोटी लावावी. नवी दिल्ली येथील भारतीय जनसंचार संस्था १९६५ सालीं स्थापन झाली. तिचें एक केंद्र अमरावतीस आहे. तिचा परंपरागत भर व्यवसायशिक्षणावर राहिला आहे. २०२४ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंतील माध्यम व संस्कृतीचा अभ्यासक्रम मुख्यतः चौथ्या बिऱ्हाडाशीं नातें सांगतो. अहमदाबादची 'मायका' ही संस्था जाहिरात व विपणन यांकडे झुकलेली आहे. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा प्रश्न नाहीं. प्रश्न जुळण्याचा आहे.

तिसरी पायरी पदवीच्या प्रकाराची व पैशाची. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि कुटुंबाचें खरें नुकसान होतें तें बहुधा येथेंच. अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांत पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यास अध्यापनाचें साहाय्यक काम देऊन त्याचें शुल्क माफ करतात व त्याला निर्वाहवेतन देतात. हें काम पुष्कळदां पहिल्या वर्षाच्या मुलांस सार्वजनिक भाषण शिकविण्याचें असतें. वक्तृत्वाचें जुनें बिऱ्हाड आजही असें सर्व वाड्याला पोसतें. याउलट व्यावसायिक स्वरूपाच्या एम्.ए. पदवीचा खर्च बहुधा विद्यार्थ्यासच सोसावा लागतो. पदवी लहान, म्हणून ती स्वस्त, ही समजूत त्यामुळें चुकीची ठरते. वडिलांचें घर तारण ठेवून एक-दोन वर्षांची पदवी घ्यावी आणि मग ती आपल्या प्रश्नाची नव्हती असें कळावें, याहून मोठी ठेंच नाहीं. द्रव्यसाहाय्याचें पत्र हातीं आलें, तर तें किती वर्षांचें आहे, उन्हाळ्यांत वेतन मिळतें काय, आणि आरोग्यविम्याचा भार कोणावर, हें लेखी विचारून घ्यावें. उत्तर देण्याचीही घाई नसावी. तेथील बहुसंख्य प्रमुख विद्यापीठांनीं मान्य केलेल्या संकेतानुसार, अशा साहाय्याचा स्वीकार करावा कीं नाहीं, हें १५ एप्रिलच्या आधीं सांगण्याचें बंधन विद्यार्थ्यावर नसतें.

मायदेशीं संशोधन करावयाचें असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा हा राजमार्ग आहे. तींत जनसंज्ञापन व वृत्तपत्रविद्या हा स्वतंत्र विषय आहे. या परीक्षेंतून कनिष्ठ संशोधनवृत्ति मिळाल्यास २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. पीएच्.डी.स नियमानें किमान तीन वर्षें लागतात. व्यवहारांत त्याहून अधिक धरून चालावें. आणि ज्याला केवळ वृत्तपत्रांत किंवा नभोवाणीवर काम करावयाचें आहे, त्यानें या वाटेस जाण्याचें कारण नाहीं. त्याला चांगली पदविका व कार्यालयांतील प्रत्यक्ष उमेदवारी अधिक उपयोगीं पडेल.

शेवटीं पालकांविषयीं एक शब्द. 'यांत नोकरी कोणती ?' हा त्यांचा प्रश्न गैर नाहीं. पण तो पहिला नसावा. समजा, घरांतील कन्या म्हणते, 'आजीला वर्तमानपत्र खोटें वाटतें, मग दूरध्वनीवर आलेला निनावी निरोप खरा कां वाटतो, हें मला शोधावयाचें आहे.' अशा कन्येपाशीं निवडीचें निम्में साहित्य तयार आहे. तिला कोणत्या बिऱ्हाडाचें दार ठोठवावयाचें, हें तिच्या प्रश्नांतच दडलेलें आहे. तिचा निष्कर्ष आजीच्याच उपयोगीं पडणार आहे, आणि नोकरीचा विचार त्याच धाग्यानें पुढें नेतां येईल. जिच्यापाशीं असा प्रश्न अद्याप नाहीं, तिला एखादें वर्ष थांबून काम करूं द्यावें. प्रश्न सांपडण्यासाठीं घालविलेलें वर्ष वायां जात नाहीं. प्रश्नावांचून घेतलेल्या पदवींत मात्र वर्षें आणि पैसा दोन्ही खर्चीं पडतात.