दुखण्याची रोजनिशी

पुण्याच्या पूर्वेकडील खराडी हें मुळा-मुठेच्या कांठचें गांव आतां संगणक-व्यवसायाच्या उंच इमारतींनीं भरून गेलें आहे. येथील तरुण कामकऱ्यांच्या खिशांत मोबाईल असतोच. ऐन उमेदींत गांठणाऱ्या एका दुखण्यांत तो कसा कामीं येतो, हें सुशिक्षित कुटुंबांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

तें दुखणें म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनीं १८६८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. शरीराची संरक्षक शक्तीच यांत मेंदूंतील व मज्जारज्जूंतील तंतूंच्या आवरणावर उलटते. विजेच्या तारेचें वेष्टन झिजावें, तसें तें आवरण झिजतें आणि संदेश अडखळतात. दृष्टि अंधुक होते, हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, विलक्षण थकवा येतो. आरंभ बहुधा विशी ते चाळिशींत होतो. स्त्रियांत प्रमाण अधिक.

हीं लक्षणें येतात आणि पुष्कळदां ओसरतातहि. डॉक्टरांची भेट मात्र कित्येक महिन्यांनीं. मधल्या काळाचा वृत्तांत केवळ स्मरणावर सोडला, तर तो अपुरा राहतो. म्हणून मोबाईलवर थकवा, झोप, औषधाची वेळ यांची नोंद ठेवतात. दवाखान्यांत पंचवीस फूट चालण्यास लागणारा वेळ मोजतात; मोबाईलमधील संवेदक चालीचा अंदाज घरींच देतो.

उन्हाळ्यांत या नोंदीची खरी कसोटी लागते. उष्णतेनें जुनीं लक्षणें तात्पुरतीं बळावतात; श्रमानें दृष्टि तात्पुरती मंदावते, हें जर्मन नेत्रवैद्य ऊटहोफ यांनीं १८९० सालींच नोंदलें होतें. नवा झटका ठरण्यास लक्षणें निदान चोवीस तास टिकावीं लागतात, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसावा लागतो. केव्हां सुरू झालें, किती वेळ टिकलें, अंगांत ताप होता काय, एवढें लिहिलेलें असलें, तर अनावश्यक स्टेरॉइड टळतें आणि खरा झटकाहि दुर्लक्षिला जात नाहीं.

तथापि रोगनिदान हें यंत्राचें काम नव्हे. त्यास डॉक्टरांची तपासणी व एमआरआय हवेच. यंत्राच्या आंकड्यांवरून औषध स्वतः बदलूं नये. नोंदी कोणाच्या हातीं जातात, हेंहि पाहावें. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत या विकाराचा स्पष्ट समावेश आहे, आणि १९८५ सालीं स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांस साह्य करते.

रोज दोन मिनिटें लिहावें आणि भेटीच्या वेळीं तो लेख डॉक्टरांपुढें ठेवावा. घरच्यांनीं त्याची आठवण द्यावी. थकलेल्या माणसास तेवढा आधार पुष्कळ होतो.