देवमाशाची तब्येत, विष्ठेवरून
समुद्रात पोहणाऱ्या अजस्र देवमाशाचं रक्त काढता येत नाही; म्हणून उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलची विष्ठा तपासली जाते. ती काही वेळ पाण्यावर तरंगते. कॅनडाच्या फंडी उपसागरात बोटीच्या नाळेवर उभा असलेला प्रशिक्षित कुत्रा वासावरून तिची दिशा दाखवत असे. तिच्यातल्या संप्रेरकांवरून ताण आणि गर्भधारणा कळते. सप्टेंबर २००१ मधल्या अमेरिकेवरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर जहाजांची वर्दळ घटली, पाण्यातला गोंगाट ६ डेसिबलने उतरला आणि ताणाची संप्रेरकंही कमी आढळली. पुढे समुद्र तापला, खाद्य सरकलं, तसे अनेक देवमासे सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे वळले. तिथे २०१७ मध्ये जहाजांच्या धडकेने आणि मासेमारीच्या दोरांत अडकून अनेक दगावले. जहाजांना वेगमर्यादा आणि बिनदोरीचे सापळे हे त्यावरचे मुख्य उपाय.