परसांतल्या वनस्पतींचा चहा आणि स्त्रियांचें आरोग्य

गवती चहा, आलें, तुळस, पुदिना यांचा आपल्या घरांत वावर फार जुना. पडशाखोकल्यावर त्यांचा काढा देण्यास आजीबाईंना कोणाची संमति लागत नाहीं. अलीकडे मात्र या वनस्पतींकडे एक नवें काम सोंपविण्यांत येत आहे. तें म्हणजे स्त्रीबीजांचें प्राणवायुजन्य हानीपासून रक्षण करण्याचें. या म्हणण्यांत तथ्य किती, हें प्रत्येक कुटुंबानें समजून घेणें अगत्याचें आहे. कारण भलत्या भरवंशावर वेळ दवडला, तर त्याची किंमत घरांतल्या लेकीसुनांसच द्यावी लागते.

चिरलेलें वांगें उघडें राहिलें कीं काळें पडतें, लोखंड गंजतें. हीं दोन्ही प्राणवायूचीं कामें. शरीरांतहि अन्नापासून शक्ति निर्माण होतांना प्राणवायूचे अतिक्रियाशील कण उत्पन्न होतात. ते सर्वस्वीं शत्रु नव्हेत. परंतु त्यांचें प्रमाण सुटलें, म्हणजे पेशींची झीज होते. स्त्रीबीजांच्या बाबतींत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. मुलगी जन्मास येते, तेव्हां तिच्या अंडाशयांत सुमारें १० ते २० लक्ष अपक्व बीजें असतात. वयांत येईपर्यंत तीं ३ ते ४ लक्ष उरतात, आणि सबंध आयुष्यांत त्यांपैकीं चार-पांचशेंच परिपक्व होतात. म्हणजे पस्तिशीच्या स्त्रीचें बीजहि जवळजवळ पस्तीस वर्षांचें असतें.

वनस्पतींतील कांहीं द्रव्यें या कणांस निष्प्रभ करतात, हें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. परंतु नळींत जें घडतें, तें पेल्यांतून पोटांत गेल्यावर घडेलच असें नाहीं. आंतडीं व यकृत यांतून जातांना त्या द्रव्यांचें रूप पालटतें, आणि रक्तांत त्यांचा अल्प अंशच उतरतो. सन २०१० मध्यें इंग्लंडांतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अंडाशयांत अनेक गांठी दिसणाऱ्या विकाराच्या ४२ स्त्रियांपैकीं कांहींना ३० दिवस, रोज दोन वेळां, पुदिन्याचा चहा देण्यांत आला. त्यांच्या रक्तांतील पुरुषी संप्रेरक उतरलें; परंतु अंगावरील अवाजवी केसांत तपासणीअंतीं म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. आल्यानें मासिक पाळींतील वेदना कमी होतात, असें मात्र कित्येक प्रयोगांत आढळलें आहे. अमुक काढ्यानें बीजांचें रक्षण होऊन संतति होते, असें अद्याप सिद्ध झालेलें नाहीं.

काढा घेतांना कांहीं पथ्यें पाळावींत. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो; गरोदरपणीं तें टाळावें. कोणताहि औषधी काढा गरोदर स्त्रीनें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नांतील लोह शरीरांत शोषूं देत नाहीं, आणि पुष्कळशा वनस्पतींच्या चहांतहि हा दोष आहे. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के रक्तक्षयानें पीडित आढळल्या. म्हणून चहा जेवणाच्या आधीं व नंतर निदान एक तास टाळावा. उलट ताटांत लिंबाची फोड किंवा आंवळा असावा.

खरी गोष्ट पुढेंच आहे. मूल होत नाहीं म्हटलें, कीं सुनेपुढें काढ्यांचे पेले येतात. मुलाची तपासणी मात्र कोणाच्या मनांतहि येत नाहीं. वस्तुतः अशा जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्या ठिकाणीं पुरुषाकडील दोषहि कारणीभूत असतो. वर्षभर वाट पाहून, आणि पत्नी पस्तिशीच्या पुढें असल्यास सहा महिन्यांनींच, दोघांनींहि तज्ज्ञाकडे जावें. तंबाखूचा धूर तर घरांतून हद्दपारच करावा. धूम्रपानानें स्त्रीची पाळी एक-दोन वर्षें आधींच जाते.

गवती चहाचा पेला सायंकाळीं सर्वांनीं मिळून आनंदानें घ्यावा. पण त्याच्याकडून वैद्याच्या कामाची अपेक्षा करूं नये. आणि तो घोट एकट्या सुनेच्याच वाट्याला येऊं नये.