जुना व्हीएचएफ-यूएचएफ संच घेताना

हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना हाती आला की पहिला प्रश्न उभा राहतो तो संचाचा. नवा जपानी संच आपल्यातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यामुळे जुना घ्यावा, असे वाटणे साहजिक आहे आणि त्यात गैरही काही नाही. मात्र तो तपासून घ्यावा लागतो.

माझा पहिला संच मी एका परिचिताकडून घेतला. बटण दाबताच आकडे उजळले, रिपीटरवरचे बोलणे खणखणीत ऐकू आले आणि मी पैसे मोजून मोकळा झालो. सात-आठ महिने पगारातून बाजूला टाकलेले ते पैसे होते. घरी आणून बोलू लागलो तर पलीकडून कोणीच उत्तर देईना. अखेर एका ज्येष्ठ हॅमने वॉटमीटर लावून दाखवले. ५० वॉटच्या संचातून जेमतेम अर्धा वॉट बाहेर पडत होता. आतले पॉवर मॉड्यूल गेले होते. विकणाऱ्याने फसवले असे मी म्हणणार नाही. तो बिचारा वर्षानुवर्षे नुसता ऐकत होता.

सांगायचा मुद्दा हा, की ऐकण्याचा भाग आणि बोलण्याचा भाग वेगळे असतात. एक ठणठणीत आहे म्हणून दुसरा चांगला असेलच असे नाही. म्हणून पाहायला जाताना १३.८ व्होल्टचा, निदान १५ अँपिअर देणारा पुरवठा, वॉटमीटर आणि ५० ओहमचा डमी लोड बरोबर न्यावा. ही साधने स्वतःची नसली तर एखाद्या हॅम मित्रालाच सोबत न्यावे, ते अधिक बरे. अँटेना किंवा डमी लोड न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये. परतलेल्या शक्तीने मॉड्यूल जळू शकते. आधी कमी शक्तीवर आणि मग पूर्ण शक्तीवर मिनिटभर बटण धरून काटा पाहावा. संच तापल्यावर काटा किंचित उतरला तर चालेल. पण घसरतच गेला तर तो संच तिथेच ठेवून यावा. जुन्या संचांची मॉड्यूले बनणे बंद झालेले असते आणि दुरुस्ती कधी कधी संचाच्या किमतीवर जाते. आवाजात घरघर आहे का, हे दूरच्या दुसऱ्या हॅमला ऐकायला सांगावे. ते आपल्याला स्वतःला कळत नाही.

त्यानंतर पट्टा पाहावा. आपल्याकडे हौशींना १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. अमेरिकेसाठी बनलेला संच १४८ पर्यंत जातो. तो वापरता येतो, पण १४६ च्या वर बोलायचे नाही. टॅक्सीतून किंवा कारखान्यातून उतरवलेले मोटोरोला जीएम-३०० सारखे संच दणकट असतात. मात्र त्यांतला १४६ ते १७४ चा प्रकार आपल्या पट्ट्यासाठी बनलेलाच नाही, आणि त्यात वारंवारिता भरायला जुना डॉसचा संगणक शोधावा लागतो. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

अनेक रिपीटर सीटीसीएसएस या बारीक स्वराशिवाय उघडत नाहीत. जुन्या संचांत त्याची पाटी वेगळी विकत घेऊन बसवावी लागे, तेव्हा ती आत आहे का हे विचारावे. युरोपच्या संचातील १७५० हर्ट्झच्या शिट्टीने हे काम होत नाही. आयकॉमच्या आयसी-२७१ आणि आयसी-४७१ या एकेकाळच्या नामांकित संचांत तर आणखी एक गोम आहे. त्यांचा चालण्याचा कार्यक्रमच एका लिथियम सेलवर टिकून राहतो. सेल संपला की संच मुका होतो. सेल कधी बदलला, हे विचारल्याखेरीज ते घेऊ नयेत.

विकणाऱ्याचा परवाना पाहून, संचाचा अनुक्रमांक लिहिलेली सहीची पावती घ्यावी. चोरीचा संच गळ्यात पडला तर पैसा जातोच, शिवाय परवानाही अडचणीत येतो.

सगळे पैसे मात्र संचात घालू नयेत. १० वॉटचे ५० वॉट केले तरी या लहरी जवळजवळ सरळ रेषेतच जातात. १० मीटर उंचीवरील अँटेनेचे क्षितिज सुमारे १३ किलोमीटर, तर २५ मीटरवरचीचे सुमारे २० किलोमीटर. केबलचेही तसेच आहे. आरजी-५८ ची १५ मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास निम्मी शक्ती गिळते, आणि ४३५ वर त्याहून बरीच जास्त. म्हणून केबल जाड आणि शक्य तितकी आखूड घ्यावी. अँटेना विकत घेण्याची गरज नाही. १४५ साठी सुमारे ४९ सेंटिमीटरची पितळी सळई उभी आणि तेवढ्याच लांबीच्या चार सळया खाली तिरप्या लावल्या की घरच्या घरी अँटेना तयार होते. सळया मात्र प्रथम थोड्या लांबच ठेवाव्यात आणि एसडब्ल्यूआर मीटर पाहत थोड्या थोड्या कापत जावे. कापलेली सळई पुन्हा जोडता येत नाही.