गाणे बदलले की कान का दचकतात?

डोळ्याला पापणी असते, कानाला नसते. नको ते समोर आले तर डोळे मिटता येतात. कान मात्र झोपेतही उघडेच राहतात. त्यामुळे कानावर काय आणि किती पडू द्यायचे, हे आपणच ठरवावे लागते. मोबाईलमध्ये शेकडो गाणी साठवून ती इअरफोनवर ऐकणाऱ्यांनी तर याचा जरूर विचार करावा.

साताऱ्याहून एस.टी.ने सांगलीला निघालेला एखादा प्रवासी घ्या. सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास. इअरफोनवर मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ गात आहेत. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले. त्यांचे हे गाणे जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेले, म्हणून मंद. गाडीच्या घरघरीत ते नीट ऐकू येत नाही. प्रवासी आवाज वाढवतो. मग लागते अलीकडच्या चित्रपटातले गाणे, आणि कानठळ्या बसतात. तो दचकतो, पण थोड्याच वेळात कान सरावतात आणि कराड मागे पडले तरी आवाज वाढलेलाच राहतो. खरा अपाय इथेच आहे.

गाण्यागाण्यांत हा फरक का पडतो? डिजिटल मुद्रणात आवाजाला वरची एक ठरावीक मर्यादा असते. जुन्या मुद्रणात एखादीच तान त्या मर्यादेपाशी पोहोचते, बाकीचे गाणे बरेच खाली असते. १९९० नंतर मात्र आपले गाणे इतरांपेक्षा जोरात वाजावे, अशी निर्मात्यांत जणू चढाओढ लागली. गाण्यातले हळू भागही उचलून वर आणले गेले. सर्वांत मोठा सूर दोन्हीकडे सारखाच असला, तरी कानाला जाणवते ती सरासरी.

कानाचा हिशेब

आपल्या अंतर्कर्णात केसांसारखे तंतू असलेल्या हजारो नाजूक पेशी असतात. ध्वनीची जाणीव त्याच मेंदूकडे पोहोचवतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबल असेल तर केवळ ४ तास, आणि १०० डेसिबल असेल तर संपूर्ण आठवड्यात अवघी २० मिनिटे! कारण दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलची आहे.

उपाय सोपा आहे

सर्व गाण्यांची पातळी सारखी करून घेता येते. २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी 'रिप्लेगेन' नावाची पद्धत मांडली. संगणक प्रत्येक गाण्याची कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजतो आणि 'हे इतके कमी वाजवावे' किंवा 'इतके वाढवावे' अशी नोंद त्या फाईलमध्ये करून ठेवतो. मूळ गाण्याला धक्का लागत नाही. संगणकावरील 'फूबार २०००' या प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकत असाल, तर स्पॉटिफायमध्ये 'नॉर्मलायझेशन' आणि ॲपल म्युझिकमध्ये 'साउंड चेक' ही सोय सेटिंगमध्ये पाहावी.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मंद गाणी फार वर उचलू नयेत. तसे केल्यास तबकडीची खरखरही वाढते आणि मोठे सूर फाटतात. त्यापेक्षा जोरकस गाणी खाली आणावीत. आणि एकाच मैफलीचे तुकडे असतील, तर सर्वांना मिळून एकच माप लावावे. नाहीतर विलंबित ख्याल आणि द्रुत चीज सारख्याच जोरात वाजतील आणि गायकाने राखलेला चढउतार नाहीसा होईल.

मात्र पातळी सारखी केली म्हणजे कान सुरक्षित झाले, असे नव्हे. सारखाच, पण मोठा आवाजही घातकच. पातळी सारखी झाल्यावर आवाज एकदाच बेताचा ठेवावा आणि नंतर बटणाला हात लावू नये. शेजारचा माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर ते ऐकू यावे, इतपतच आवाज असावा. एस.टी.त तेवढ्याने गाणे ऐकू येत नसेल, तर आवाज न वाढवता ते घरी ऐकावे. मधूनमधून कानांना विश्रांतीही द्यावी.

गाणे थांबल्यावर कानात शिटी किंवा गुंजन राहत असेल, घरच्यांना 'काय म्हणालात?' असे वारंवार विचारावे लागत असेल, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणतपासणी करून घ्यावी. या तपासणीत कोणतीही वेदना होत नाही. ऐकू येणे अचानक कमी झाले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी उशीर महागात पडतो.