विस्तार आणि शोध : ‘स्टारफील्ड’विषयीच्या आरंभीच्या मतभेदाचे स्वरूप

एकाच कृतीविषयी दोन जाणकारांनी परस्परविरुद्ध मते दिली की, त्यांपैकी एकाचे अवलोकन सदोष असले पाहिजे, असा समज सहज होतो. परंतु दोघांचेही अवलोकन यथार्थ असून भेद केवळ अपेक्षेत असणे शक्य आहे. अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेचा ‘स्टारफील्ड’ हा २०२३ सालचा व्हिडिओ गेम या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हा मुक्त संचाराचा भूमिकाप्रधान खेळ होय. खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो आणि कथानकाच्या ठरीव क्रमाने बांधला न जाता विस्तीर्ण प्रदेशात स्वेच्छेने हिंडतो. कथाकाल इसवी सन २३३० चा असून मानवजात पृथ्वी सोडून अन्य ताऱ्यांभोवती वसलेली आहे. एक हजाराहून अधिक ग्रह आणि अडीच लाखांहून अधिक संवादाच्या ओळी असा या खेळाचा पसारा आहे. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनीच २०११ सालच्या ‘स्कायरिम’ची रचना केली असल्यामुळे, नव्या कृतीकडे खेळाडू जुन्या कृतीचे माप घेऊनच वळले.

इतके ग्रह हाताने रचणे अशक्यप्राय असते. यास्तव शहरे व मुख्य कथास्थळे रचनाकारांनी घडविली आणि उर्वरित भूभाग ठरावीक नियमांनुसार संगणकाकडून निर्माण करविला. ही पद्धती नवी नाही. डेव्हिड ब्रॅबेन व इयान बेल यांनी १९८४ साली ‘एलीट’ या खेळात प्रत्येकी २५६ ग्रहांच्या आठ आकाशगंगा अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकात बसविल्या होत्या. संख्या वाढविणे नियमांना सोपे जाते; प्रत्येक स्थळाला स्वतःचा इतिहास देणे मात्र त्यांना साधत नाही. ‘स्टारफील्ड’मध्ये निरनिराळ्या ग्रहांवर एकच ओसाड प्रयोगशाळा पुन्हा आढळे, इतकेच नव्हे, तर तिच्यातील वस्तू आणि टिपणेही त्याच जागी पडलेली दिसत.

तथापि मतभेदाचे मूळ केवळ या पुनरावृत्तीत नाही. ते प्रवासाच्या रचनेत आहे. ‘स्कायरिम’मध्ये नव्या स्थळी प्रथम जावयाचे ते बहुधा पायी किंवा घोड्यावरून. डोंगरापलीकडील गावी निघालेला प्रवासी वाटेतील पडकी गढी पाहून थबके, आणि मूळ काम विसरून तिच्यात शिरे. शोध वाटेवर घडे. उलट ‘स्टारफील्ड’मध्ये प्रकाशनसमयी एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे नकाशावरील बिंदू निवडणे होते, उड्डाण व अवतरण ही पाहावयाची दृश्ये होती, करावयाच्या कृती नव्हत्या. स्थळे होती, परंतु त्यांना जोडणारी वाट लोपली होती. साहजिकच नगरांतील कथा, संवाद आणि स्वतःचे यान बांधण्याचा आनंद ज्यांना हवा होता ते तृप्त झाले; ज्यांना भटकंती हवी होती ते विन्मुख झाले. दोघांनीही कृतीचे वर्णन खरेच केले.

आरंभीच्या अभिप्रायांना पुरावा मानताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना हा खेळ १ सप्टेंबर २०२३ पासून, तर इतरांना ६ सप्टेंबरपासून उपलब्ध झाला. म्हणजे पहिले खेळाडू अधिक मूल्य देण्याइतके उत्सुक होते; तो सर्वसाधारण नमुना नव्हे. स्टीम या विक्रीमंचावरील प्रारंभीची बहुतांशी अनुकूल मते त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत संमिश्र झाली. शिवाय, दहा तासांत न दिसणारी पुनरावृत्ती पन्नास तासांनंतर डोळ्यांत भरते, आणि मुख्य कथा संपवून नव्याने आरंभ करण्याची जी योजना या खेळाच्या आशयाचा गाभाच आहे, तिची ओळख अगदी शेवटी होते. कोणत्या तासाला अभिप्राय दिला, हे कळल्यावाचून त्याचे मोल ठरविता येत नाही.

ग्रहांच्या रिक्ततेविषयी रचनाकर्त्यांच्या बाजूने समर्थन करण्यात आले ते असे की, चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनाही तेथे काही आढळले नाही, पण ते कंटाळले नव्हते. हा युक्तिवाद अर्धाच टिकतो. चंद्र रिक्त होता, हे खरे; परंतु १९६९ साली तेथे पोहोचलेल्यांच्या मागे चार दिवसांचा जोखमीचा प्रवास होता. त्या अंतरानेच ओसाड भूमीला अर्थ दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये या खेळात जमिनीवर चालणारे वाहन आले आणि ग्रहावरील फिरणे सुकर झाले. दोन ग्रहांमधील अंतर अनुभवण्याचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता.

यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की, विस्तार मोजता येतो. शोध मात्र अनुभवावा लागतो. ‘स्टारफील्ड’विषयीचा वाद ग्रह किती, यावर नव्हता. त्या ग्रहांपर्यंत पोहोचण्यासाठी खेळणाऱ्याला काही करावे लागते की नाही, यावर तो होता.